एक पंचम, दोन पार्ट्या

एकमेकांची प्लेलिस्ट बघून नाक मुरडायची सवय काही आपल्या पिढीनं शोधलेली नाही. सत्तरच्या दशकातल्या कॉलेजकट्ट्यांवरही हेच चालायचं. फक्त तेव्हा हेडफोन नव्हते, घरात एकच रेडिओ असायचा. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ लागायची, कुठलं गाणं कितव्या पायदानावर आलं ते सगळे कान देऊन ऐकायचे आणि गुरुवारी कट्ट्यावर राडा. किशोर की रफी? लक्ष्मीकांत-प्यारेलाल की आर. डी.? आणि आर. डी. म्हणत असशील, तर नेमका कुठला आर. डी.?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड होता. कारण राहुल देव बर्मन, म्हणजे आपला पंचम, एकाच वेळी दोन माणसांसारखा काम करत होता. एक ‘हरे रामा हरे कृष्णा’मधल्या ‘दम मारो दम’चा, गिटार आणि धुराचा. दुसरा ‘अमर प्रेम’चा, शास्त्रीय रागात भिजलेला. दोन्ही सिनेमे साधारण एकाच सुमाराला आले. घरातल्या मोठ्यांना पहिला म्हणजे धांगडधिंगा वाटायचा, तर कॉलेजातल्या पोरांना तोच हवा असायचा. १९७२च्या वार्षिक गीतमालेत ‘दम मारो दम’च पहिलं आलं. म्हणजे मतं पोरांना मिळाली, पण घरातला वाद काही मिटला नाही.

घरातच दोन टेस्ट

पंचमच्या स्वतःच्या घरातही दोन आवडी नांदत होत्या. त्याचा जन्म कोलकात्याचा, २७ जून १९३९चा. वडील सचिन देव बर्मन म्हणजे बंगालच्या मातीतलं, नावाड्यांच्या गाण्यातलं संगीत हिंदी सिनेमात आणणारा माणूस. मुलगा उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे सरोद शिकला, पंडित सामता प्रसाद यांच्याकडे तबला शिकला आणि त्याच वेळी जॅझ, लॅटिन असं मिळेल ते ऐकत राहिला. वडिलांच्या हाताखाली काम करताना तो माउथ ऑर्गनही झकास वाजवायचा. १९६४च्या ‘दोस्ती’मधला माउथ ऑर्गन त्याचाच. संगीतकार कोण होते? लक्ष्मीकांत-प्यारेलाल! म्हणजे ज्यांच्या नावानं कट्ट्यावर दोन पार्ट्या पडायच्या, ते एकमेकांच्या रेकॉर्डिंगला वाजवत होते.

त्याचा संगीतकार म्हणून पहिला सिनेमा १९६१चा ‘छोटे नवाब’. त्यात लतादीदींकडून त्यानं जे गाणं गाऊन घेतलं, ते पूर्ण शास्त्रीय बाजाचं आहे. पाच वर्षांनी ‘तिसरी मंझिल’ आला आणि त्याच माणसानं रॉक अँड रोलवर अख्ख्या देशाला नाचायला लावलं. मग देव आनंदनं ‘हरे रामा’साठी पंचमला घेतलं. नवकेतनच्या सिनेमांना संगीत द्यायचं ते सचिनदांनी, हे तोवर जवळजवळ ठरलेलं होतं. हिप्पींची गोष्ट मात्र मुलाकडे आली.

बाटली, चमचा आणि कंगवा

ताडदेवच्या फिल्म सेंटर स्टुडिओत पंचमचं रेकॉर्डिंग म्हणजे प्रयोगशाळाच असायची. ‘शोले’तल्या ‘मेहबूबा’साठी बिअरच्या बाटल्यांमध्ये फुंकर मारून आवाज काढला. ‘यादों की बारात’मधल्या ‘चुरा लिया’च्या सुरुवातीला चमच्यानं ग्लास वाजवला. ‘पडोसन’साठी कंगवा घासला. सोबतीला सॅक्सोफोनवाले मनोहारी सिंग, नेपाळी मादल घेऊन आलेले रणजित ‘कांचा’ गझमेर आणि तालाची बाजू सांभाळणारे आपले मारुतीराव कीर. आज लॅपटॉपवर एका क्लिकमध्ये जे ‘सॅम्पल’ मिळतं, ते ही मंडळी हातानं करत होती. आणि मुख्य म्हणजे ‘दम मारो दम’वाली टीम वेगळी, ‘अमर प्रेम’वाली वेगळी, असा प्रकार नव्हता. गिटारचंच बघा ना. ‘दम मारो दम’ची गिटार वाजवणारे भूपिंदर सिंग म्हणजे पुढे गझलेसाठी ओळखले गेलेले भूपिंदर.

नावं ठेवणाऱ्यांकडेही मुद्दे होते बरं का. ‘मेहबूबा’ची चाल ग्रीक गायक डेमिस रूसोसच्या गाण्यावरून आली. ‘हम किसीसे कम नहीं’मध्ये ‘अब्बा’ बँडची ‘मामा मिया’ सरळ ऐकू येते. पंचमचे फॅन्स याकडे काणाडोळा करतात, पण करू नये. उचललेली चाल ही उचललेलीच असते. फक्त त्याच्या शेकडो गाण्यांचा हिशेब दोन-चार गाण्यांवर संपत नाही, एवढंच.

रफीच्या चाहत्यांचा राग आणखी वेगळा. पंचमनं किशोरला डोक्यावर घेतलं आणि रफीसाहेबांना मागे टाकलं, हा त्यांचा आरोप. त्यात थोडं तथ्यही होतं. पण १९७७च्या त्याच ‘हम किसीसे कम नहीं’मधलं ‘क्या हुआ तेरा वादा’ त्यानं रफींना दिलं आणि त्या गाण्यानं रफींना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला.

ट्रॉफी कुणाकडे?

आता जरा फिल्मफेअरचा हिशेब मांडू. १९७३ला ‘यादों की बारात’ आला, पण त्या वर्षीची ट्रॉफी गेली ‘अभिमान’ला, म्हणजे थेट वडिलांकडे. १९७५ हे तर पंचमचं वर्ष. ‘दीवार’, ‘आँधी’, ‘खुशबू’ आणि ‘शोले’ एकाच वर्षात! आणीबाणीत ‘आँधी’वर बंदी आली. ऑक्टोबरच्या शेवटी सचिनदा गेले. आणि त्या वर्षीच्या सिनेमांची ट्रॉफी गेली राजेश रोशनच्या ‘ज्युली’ला. दशक संपता संपता लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी सलग चार वर्षं ती नेली. ज्या दशकाला आज आपण ‘आरडी इरा’ म्हणतो, त्या अख्ख्या दशकातल्या कामासाठी पंचमला एकही फिल्मफेअर मिळालं नाही. पहिलं मिळालं १९८२च्या ‘सनम तेरी कसम’साठी, दुसरं त्यानंतरच्या ‘मासूम’साठी.

याचा अर्थ बाकीचे संगीतकार कमी होते असा नाही. ‘अभिमान’ किंवा ‘ज्युली’ ऐकून बघा, तक्रारीला जागाच नाही. पण पंचमच्या बाबतीत एक गोची झाली होती. ज्यांना ‘चांगलं’ संगीत हवं होतं, त्यांच्या मते तो पाश्चात्त्य धांगडधिंगेवाला होता. ज्यांना नाचायचं होतं, ते त्याची गुलजारसोबतची ‘परिचय’, ‘किनारा’ची गाणी पुढे ढकलायचे. ‘परिचय’साठी लतादीदींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी पंचमवरचा शिक्का पुसला गेला नाही. लोकांनी आपापल्या आवडीचा अर्धा पंचम घेतला. पूर्ण पंचम फार थोड्यांनी ऐकला.

फोन वाजेना

ऐंशीच्या दशकात हा शिक्का महागात पडला. डिस्कोची लाट आली आणि निर्मात्यांना बप्पी लाहिरी हवासा वाटू लागला. १९८० मध्ये त्यानं आशा भोसलेंशी लग्न केलं होतं. तिच्या आवाजात तो अजूनही कमाल करत होता. १९८७च्या ‘इजाजत’मधली गुलजारची मुक्तछंदातली कविता वाचून तो आधी वैतागला होता, आता काय वर्तमानपत्राला चाल लावू का, अशी त्याची चिडचिड झाली होती म्हणतात. त्याच कवितेच्या गाण्यानं आशाताई आणि गुलजार, दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिले. पण मोठे निर्माते काही परत फिरले नाहीत. सिनेमे पडत गेले, काम आटत गेलं. १९८८ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, लंडनला शस्त्रक्रिया झाली. ज्याच्याकडे कधीकाळी तारखा मिळायच्या नाहीत, तो माणूस कामाची वाट बघत बसला.

मग विधू विनोद चोप्रानं त्याला ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’ दिला. ना डिस्को, ना रॉक. साध्या, गोड, जुन्या वळणाच्या चाली. पंचमनं त्या जीव ओतून केल्या. सिनेमा यायच्या आधीच, ४ जानेवारी १९९४ला तो गेला. वय फक्त ५४. त्याच वर्षी सिनेमा आला आणि गाणी घराघरांत वाजली. तिसरं फिल्मफेअर मिळालं, ते घ्यायला तो नव्हता. नव्या संगीतकारांसाठीचा पुरस्कार आता त्याच्या नावानं दिला जातो. त्याचा पहिला मानकरी होता ए. आर. रहमान.

आज पंचमचे रिमिक्स पबमध्ये वाजतात आणि त्याचीच गाणी पावसात बसून ऐकायच्या लिस्टमध्येही असतात. फोल्डर मात्र आपणही दोन केलेत, एक पार्टीचा आणि एक ‘फील्स’चा. तर एक करा. या वीकेंडला ‘हरे रामा हरे कृष्णा’ आणि ‘अमर प्रेम’ची गाणी शफल न करता, एकामागोमाग एक ऐका. जमलं तर आईबाबांना किंवा आजीआजोबांना शेजारी बसवून. ते तेव्हा कुठल्या पार्टीत होते, हेही विचारा. उत्तर ऐकून कदाचित तुमचंच नाक मुरडायचं थांबेल.