कार्ल श्वार्झशिल्ड : कृष्णविवराला माप देणारा गणिती

आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा होणार आहे. २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. काटकोनात पसरलेल्या तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. दूर अवकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली की उठणाऱ्या लहरी ती टिपणार आहे. ही कृष्णविवरे असतात तरी केवढी, हा प्रश्न आमच्या वारंगा फाट्यावर कॉलेजात जाणाऱ्याला हमखास विचारला जातो. घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यातून कला शाखेचा. उत्तर शोधता शोधता मी एका थोर माणसाच्या चरित्रापाशी पोचलो.

कार्ल श्वार्झशिल्ड यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७३ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वयाच्या सोळाव्या वर्षीच जोडताऱ्यांच्या कक्षांवर त्यांचे लेखन छापून आले. १९०१ मध्ये ते गटिंगेन येथील वेधशाळेचे संचालक झाले व १९०९ मध्ये पॉट्सडॅमच्या वेधशाळेवर गेले. १९१४ साली महायुद्ध पेटले. चाळिशी गाठलेला हा संचालक आपण होऊन सैन्यात दाखल झाला. तोफगोळ्याच्या मार्गाचे गणित करणे हे तेथील त्यांचे एक काम होते.

नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाची नवी समीकरणे मांडली. ती इतकी बिकट होती की खुद्द त्यांनीही अंदाजी उत्तरावर भागवले होते. श्वार्झशिल्ड यांनी आघाडीवर असतानाच, महिन्याभरात, गोल ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणासाठी त्यांचे तंतोतंत उत्तर काढले आणि २२ डिसेंबरला पत्राने आइन्स्टाइन यांना कळवले.

या उत्तरात एक त्रिज्या दडलेली होती. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. एखादी वस्तू दाबत दाबत त्या त्रिज्येच्या आत कोंबली, तर तिच्यातून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही. सूर्यासाठी ही त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर आहे. अख्ख्या पृथ्वीसाठी ती अवघी ९ मिलिमीटर, म्हणजे पृथ्वीची पोरांच्या खेळातली गोटी करावी लागेल! पिठाचा गोळा दुप्पट रुंद करायचा तर आठपट पीठ लागते. कृष्णविवराचे तसे नाही. वस्तुमान दुप्पट झाले की त्रिज्याही दुप्पटच होते. म्हणून हिशेब तोंडी करता येतो. ज्या कृष्णविवराचे छायाचित्र २०१९ साली सर्वप्रथम प्रसिद्ध झाले, ते सुमारे ६५० कोटी सूर्यांइतके जड आहे. त्याची त्रिज्या १,९५० कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्य आणि पृथ्वी यांतील अंतराच्या १३० पट भरते. कृष्णविवर स्वतःभोवती फिरत असेल तर हे माप काहीसे कमी होते, एवढेच.

युद्धावर असतानाच त्यांना त्वचेचा दुर्धर रोग जडला. ११ मे १९१६ रोजी, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी, ते वारले. कृष्णविवर हा शब्द त्यांच्या हयातीत जन्मलाही नव्हता. शंभर वर्षे होत आली तेव्हा, १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतील लायगोने दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर प्रथम टिपली.

तोफगोळ्यांचे ते हिशेब त्या युद्धाबरोबरच संपले. फावल्या वेळात सोडवलेले ते एक गणित मात्र उरले. उद्या औंढ्याला लहर टिपली जाईल तेव्हा ती कृष्णविवरे केवढी, हे सांगताना त्याच त्रिज्येचा आधार घ्यावा लागेल.