गानविद्येचे उपासक : विष्णु दिगंबर

कुरुंदवाड हे दक्षिण महाराष्ट्रातील एक लहानसे संस्थानी गाव. तेथे १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म झाला. वडील कीर्तनकार असल्याने भजन-पदांचे संस्कार विष्णूवर लहानपणीच झाले. परंतु एके दिवशी शोभेची दारू चेहऱ्याजवळ उडून त्याचे डोळे अधू झाले आणि शालेय शिक्षण खुंटले. पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने त्यास गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशी संगीत शिकण्याची संधी लाभली. अनेक वर्षे गुरुसेवा व अखंड मेहनत करून त्याने ती विद्या हस्तगत केली.

एकदा मिरजेत एका समारंभाचे निमंत्रण विष्णुपंतांना आले. त्यांच्या गुरुजींना मात्र आले नाही. ज्यांच्या चरणांशी बसून विद्या मिळाली, ते केवळ गवई म्हणून सभेस अपात्र ठरावेत, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. त्या काळी लोकांना गाणे प्रिय असे. गाणाऱ्यास मात्र प्रतिष्ठा नसे. प्रतिष्ठित घरांतून मुलांना गाणे शिकविणे कमीपणाचे मानीत. ही स्थिती पालटण्याचा निर्धार करून १८९६ साली त्यांनी मिरज सोडली आणि राजाश्रयाकडेही पाठ फिरवली. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. दरबारातील गाणे अशा रीतीने सामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोचले.

फिरत फिरत ते पंजाबात गेले. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. आरंभी काही दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही. तरी ठरलेल्या वेळी तंबोरा जुळवून पंडितजी एकटेच गात बसत. हळूहळू विद्यार्थी येऊ लागले. येथे ठराविक अभ्यासक्रम होता, स्वरलेखनाची पुस्तके होती आणि परीक्षाही होत्या. होतकरू मुलांच्या जेवणाखाण्याची व राहण्याची सोय करून त्यांना संगीतशिक्षक म्हणून तयार करणारा उपदेशक वर्गही पंडितजींनी चालविला.

१९०८ साली त्यांनी मुंबईत विद्यालय काढले. पुढे त्याची भव्य वास्तूही उभी राहिली. परंतु तिच्यासाठी काढलेले कर्ज फिटेना. ते फेडण्यासाठी पंडितजी गावोगाव गात हिंडले. तरीही १९२४ साली ती वास्तू लिलावात गेली. आयुष्याची कमाई डोळ्यांदेखत नाहीशी झाली. त्यानंतर त्यांनी नाशिक येथे रामनामाच्या आश्रयाने जीवन व्यतीत केले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले.

वास्तू गेली, पण विद्यार्थी राहिले होते. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर यांसारखे शिष्य त्यांनी घडविले होते. गुरूच्या निधनाच्या वर्षीच शिष्यांनी अहमदाबाद येथे गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. तेच पुढे अखिल भारतीय झाले. त्याच्या प्रारंभिकापासून अलंकारपर्यंतच्या परीक्षांना देशभर विद्यार्थी बसतात. छत्रपती संभाजीनगरातही सामान्य घरांतील मुलेमुली या परीक्षा देतात, आणि त्यांचे आईवडील त्याचा अभिमान बाळगतात. जो मान एके काळी गुरूला नाकारला गेला होता, तो गानविद्येला मिळवून देण्यासाठी पंडितजींनी आपले आयुष्य वेचले.