सर नॉर्मन लॉकियर आणि सूर्यावरची पिवळी रेषा

विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवून सांगतात की, लॉकियरसाहेबाने १८६८ साली इथूनच हेलियम शोधला. मीही सहलीतल्या मंडळींना, घरच्या नातवंडांना हेच सांगत आलो. बँकेत व्हाउचरवरच्या तारखा तपासण्यात आयुष्य गेले, पण ही तारीख काही तपासली नाही! ती चूक आज दुरुस्त करतो.

लॉकियर यांचा जन्म १८३६ चा, इंग्लंडमधील रग्बी गावचा. नोकरी लंडनच्या युद्धखात्यात कारकुनाची, छंद आकाश पाहण्याचा. ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणासाठी फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला आले होते, एक इंग्रज पथक पटवर्धनांच्या जमखंडीत होते. लॉकियर मात्र इंग्लंडमध्येच! २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, त्यांनी सूर्याच्या कडेचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांजवळ तिसरीच एक पिवळी रेषा होती. पृथ्वीवरच्या कोणत्याच पदार्थाशी ती जुळेना. हे नवे मूलद्रव्य, असे मानून सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले. पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांना ते पटले नाही. सत्तावीस वर्षांनी, १८९५ मध्ये, रॅम्झे यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा दिसली. अखेर ताळा जमला.

रेषेवरून मूलद्रव्य कसे ओळखायचे? अणूतला इलेक्ट्रॉन जिन्याच्या पायऱ्यांसारख्या ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहतो, अधेमधे नाही. वरून खाली उतरला की तेवढ्या फरकाचा एक प्रकाशकण बाहेर पडतो. फरक ठरलेला, म्हणून रंगही ठरलेला. प्रत्येक मूलद्रव्याचा जिना वेगळा, जणू अंगठ्याचा ठसाच. बोर यांनी १९१३ मध्ये हायड्रोजनपासून हे कोडे उलगडायला घेतले, तेव्हा लॉकियर हयात होते.

मग ओट्यांचे काय? २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला लॉकियर खरोखरच विजयदुर्गला आले होते, नौदलाचे खलाशी मदतीला घेऊन. ओटे बहुधा तेव्हाचे. तीच सावली पुढे आपल्या बाजूला आली. निमगाव केतकीहून फार लांब नाही, भीमेपलीकडच्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रा. कावसजी नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल उपकरणे मांडून बसले होते.

'नेचर' हे जगप्रसिद्ध नियतकालिक लॉकियर यांनीच १८६९ मध्ये सुरू केले आणि पन्नास वर्षे सांभाळले. १९२० मध्ये ते गेले.

सोसायटीची सहल पुन्हा विजयदुर्गला गेली, तर मुलांना खरी तारीख सांगा. आणि हो, आपल्या शेजारच्या जेऊरचे नावही घ्या.