जोतीरावांचा जोडशब्द

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? परंतु मुलींची शाळा काढणारे समाजसुधारक, एवढीच त्यांची ओळख घेऊन मी महाविद्यालयात आले. लिहिताना ते शब्दही किती जाणीवपूर्वक निवडत, हे मला माझ्याच एका निबंधामुळे कळले.

प्रथम वर्षाला असताना मी 'आमच्या गावचा शेतकरी' हा निबंध लिहिला. तो नांगरतो, तो पेरतो, तो पावसाची वाट पाहतो, असे मोठ्या हौसेने लिहिले. सुट्टीत घरी गेल्यावर तो आईला वाचून दाखवला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आईला अक्षरओळख नाही. सगळे ऐकून तिने एवढेच विचारले, की यात मी कुठे आहे? निंदणी तिची, कापसाची वेचणी तिची, बियाणे राखणेही तिचेच. मी मुलगी असून तिला वगळले होते! त्याच सुमारास ग्रंथालयातून जोतीरावांचे समग्र वाङ्मय वाचायला घेतले.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली झाला. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे; फुलांच्या व्यवसायावरून ते फुले झाले. १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जातीवरून त्यांचा अपमान झाला. त्याच वर्षी पुण्यात भिडे यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला व सत्यशोधक समाज स्थापन केला.

त्यांची लेखणी मवाळ मुळीच नव्हती. भटशाहीवरचे त्यांचे शब्द आजही बोचतात. परंतु ब्राह्मण विधवांसाठी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढणारे, आणि तशाच एका विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेणारेही तेच होते. त्यांचा राग वर्चस्वावर होता, असे मला वाटते.

१८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली, तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली. जोतीरावांनी १८८५ साली 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. त्याच वर्षी मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण त्यांनी नाकारले. ज्यांच्या लेखनात शूद्रातिशूद्रांना जागा नाही, त्यांच्या सभेत आपले काय काम, असा त्यांचा रोख होता. वगळले जाणे म्हणजे काय, हे ते चांगलेच जाणत होते.

१८८८ साली पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग लुळे पडले. मग डाव्या हाताने त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिले. १८९० साली ते वारले आणि १८९१ साली हे पुस्तक छापून निघाले. त्यात मानव म्हटले की काम भागले असते. मराठीत पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही आल्याच, असे आपण धरून चालतो. जोतीराव तसे धरून चालत नाहीत. हक्क सांगताना, कर्तव्य सांगताना ते पुन्हा पुन्हा स्त्री-पुरुष हा जोडशब्द लिहितात. लुळ्या देहाने, डाव्या हाताने लिहिणाऱ्या माणसाला एक शब्द वाचवणे किती सोयीचे होते! त्यांनी तो वाचवला नाही.

कोणी म्हणेल, शब्दाने काय होते? शब्दाने निंदणी थांबत नाही हे खरे. पण जिचे नाव शेतकरी या शब्दात कोणी ऐकत नाही, तिचे कष्टही कोणी मोजत नाही.

यंदा मी तो निबंध 'आमच्या गावातील शेतकरी स्त्री-पुरुष' या नावाने पुन्हा लिहिला. आईने तो नीट ऐकला आणि आमच्याकडे रोजाने येणाऱ्या बायका त्यात राहून गेल्याचे सांगितले. तो भाग मी आता लिहीत आहे.