न्यायमूर्ती रानडे

महादेव गोविंद रानडे १८४२ साली निफाड येथे जन्मले. १८७१ साली ते पुण्यास सबजज्ज झाले. अमेरिकेत काही ठिकाणी न्यायाधीशास लोक मते देऊन निवडतात. येथे तेव्हा बढती-बदली सारी सरकारच्या हाती होती. १८७९ साली आपल्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केले, तेव्हा सरकारला रानड्यांचाही संशय आला. त्यांची धुळ्यास बदली झाली. त्यांचे टपालही फोडून पाहत. रानडे चिडले नाहीत, निमूटपणे निवाडे करीत राहिले. संशय निवळला. १८९३ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. घरातील बायकांचा रोष पत्करून त्यांनी पत्नी रमाबाईंना शिकविले. १९०१ साली ते वारले. पुढे १९०९ साली रमाबाईंच्या पुढाकाराने पुण्यास सेवासदन निघाले. भगिनींनो, आपले मंडळही त्याच वाटेवरचे.