शिक्षकांचे शिक्षक : केरो लक्ष्मण छत्रे



मुलगा हुशार निघाला की त्याने डॉक्टर किंवा इंजिनियर व्हावे असे आपल्याला वाटते, आणि काहीच जमले नाही तर शिक्षक होईल असे आपण सहज म्हणून जातो. या समजुतीचा एकदा विचार व्हावा म्हणून प्रा. केरो लक्ष्मण छत्रे यांचे चरित्र आपल्यापुढे ठेवीत आहे.

त्यांचा जन्म 1825 साली अलिबागजवळच्या नागाव येथे झाला. आईबापांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे ते शिक्षणासाठी मुंबईला नातेवाइकांकडे आले. पुढे कुलाब्याच्या वेधशाळेत त्यांना साहाय्यकाची नोकरी मिळाली. चुंबकसूची आणि हवामानाची उपकरणे वेळच्या वेळी पाहून आकडे अचूक टिपून ठेवणे हे तिथले काम. आळस किंवा अंदाज यांना त्यात थारा नव्हता. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले 1857 साली, म्हणजे केरोपंत शिकत होते तेव्हा पदवी नावाची गोष्टच इकडे नव्हती. निरीक्षण आणि गणित हीच त्यांची पदवी!

1851 मध्ये ते पुण्यास पूना कॉलेजात आले. मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणारा वर्ग तिथे होता, त्यात ते सृष्टिशास्त्र व गणित शिकवू लागले. आता अडचण पाहा. विषय युरोपात वाढलेला, पुस्तके इंग्रजी आणि समोर खेड्यापाड्यांत जाऊन शिकवणारे भावी गुरुजी. केरोपंतांनी तो विषय मराठीत आणला. पदार्थविज्ञान व अंकगणित यांवर त्यांनी शालेय पुस्तके लिहिली. विज्ञान मुलाच्या भाषेत उतरल्याशिवाय ते मुलाचे होत नाही. आपल्या उर्दू आणि मराठी शाळांपुढे आजही हाच प्रश्न नाही का?

शिकवता शिकवता संशोधनही चालूच होते. पंचांगातील ग्रहणाच्या वेळा आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणारे ग्रहण यांचा मेळ बसत नव्हता. जुन्या कोष्टकांतल्या बारीक चुका शतकानुशतके साचत गेल्या होत्या. केरोपंतांनी युरोपीय ग्रंथांच्या आधारे नवे गणित मांडून 1860 साली 'ग्रहसाधनांची कोष्टके' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यावर आधारलेले नवे पंचांग 1865 पासून निघू लागले. सणांच्या तिथी बदलतात म्हणून बहुतेकांनी ते स्वीकारले नाही, तरी त्यांनी आपले गणित सोडले नाही. पंधराव्या शतकात समरकंदच्या उलुग बेगनेही जुनी कोष्टके वेधांशी ताडून नवी तयार करविली होती. ज्ञानाची ही वाट सर्वांची आहे. सूर्यावरील डाग आणि पृथ्वीवरील हवामान यांच्या संबंधाचाही केरोपंतांनी अभ्यास केला.

पूना कॉलेजचे पुढे डेक्कन कॉलेज झाले आणि तेथे ते गणिताचे प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळक हे त्यांचेच विद्यार्थी. 1877 मध्ये त्यांना रावबहादूर ही पदवी मिळाली, 1879 मध्ये ते निवृत्त झाले आणि 19 मार्च 1884 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी लावलेले रोप कसे वाढले पाहा. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात 1870 नंतर तीन वर्षे शिकून शंकर बाळकृष्ण दीक्षित शाळामास्तर झाले. नोकरी सांभाळून त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला. केरोपंतांच्या कार्याची नोंद त्या ग्रंथात आहे. चांगल्या शिक्षकासाठी शाळेच्या चार भिंती ही मर्यादा नसते, हेच यातून दिसते.

ईदच्या आदल्या सायंकाळी पातूरच्या गच्च्यागच्च्यांवर मुले चांद शोधतात. कालच्या आणि आजच्या चंद्रकोरीत फरक का, ती पश्चिमेलाच का दिसते, असे एखादी मुलगी विचारते. तिला गप्प न बसवता वहीत रोज चंद्र काढायला लावणारा शिक्षक मिळाला, तर तिथेच विज्ञानाची सुरुवात होते.

असे शिक्षक बाहेरून येतील म्हणून वाट पाहत बसू नका. आपल्या घरातील हुशार मुलामुलींना विज्ञान शिकू द्या, आणि त्यांच्यापैकी कुणी शिक्षक होईन म्हणाले तर हिरमुसू नका. ती वाट केरोपंतांची आहे, हे लक्षात ठेवा.