श्रीरामपूरचे विल्यम कॅरी

कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर श्रीरामपूर हे गाव आहे. १७५५ साली डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनी येथे वखार घातली आणि १८४५ मध्ये हे गाव इंग्रजांना विकले. संत ओलाव्ह यांचे चर्च आणि नदीकाठचे महाविद्यालय त्या काळाची साक्ष देतात. मराठी मुद्रणाचा आरंभही याच गावाशी निगडित आहे. त्याचे श्रेय मुख्यतः विल्यम कॅरी यांना जाते.

कॅरी यांचा जन्म १७६१ साली इंग्लंडमध्ये झाला. तरुणपणी ते चांभारकाम करीत आणि फावल्या वेळात लॅटिन, ग्रीक व हिब्रू भाषा शिकत. १७९३ मध्ये ते धर्मप्रसारासाठी बंगालमध्ये आले. ईस्ट इंडिया कंपनीचा मिशनऱ्यांना विरोध होता. म्हणून १८०० साली त्यांनी डॅनिश श्रीरामपुरात आश्रय घेतला. तेथे मार्शमन व वॉर्ड या सहकाऱ्यांसह त्यांनी छापखाना उभारला. पंचानन कर्मकार या कुशल कारागिराने त्यासाठी देशी लिपींचे ठसे कोरले.

पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात कॅरी बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवू लागले. मराठी शिकवायची, तर व्याकरण हवे, कोश हवा. छापील पुस्तक मात्र हाताशी नव्हते. तेथील मराठी पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. कोशातील मराठी शब्द मोडी लिपीत छापले होते.

११ मार्च १८१२ रोजी छापखान्यास भीषण आग लागली. कागद, खिळे आणि अनेक वर्षे खपून लिहिलेली हस्तलिखिते भस्मसात झाली. त्यांत कॅरी यांच्या बहुभाषी कोशाचे हस्तलिखितही होते. त्याची दुसरी प्रत नव्हती. आघात मोठा होता. परंतु राखेच्या ढिगात अक्षरांचे पोलादी ठसे शाबूत सापडले. वितळलेल्या धातूपासून पुन्हा खिळे ओतण्यात आले आणि थोड्याच आठवड्यांत छपाई सुरू झाली. जळालेली भाषांतरे कॅरी यांनी पन्नाशी उलटल्यावर पुन्हा लिहावयास घेतली. बहुभाषी कोश मात्र पुन्हा होऊ शकला नाही.

१८१८ मध्ये कॅरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रीरामपूर महाविद्यालय स्थापिले. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपुरातच त्यांचे निधन झाले. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होता. तथापि त्यासाठी घेतलेल्या श्रमांतून मराठीसह अनेक भारतीय भाषांच्या मुद्रित ग्रंथांची वाट सुकर झाली.